कोळशाच्या फोटोसमोरचा माणूस

"जरा बाजूला होता का? मला फोटो बघायचाय."

तो दचकून सरकला. फोटो कसला, नुसता काळोख! कोळशाचा ढीग, मागे अंधार. अख्ख्या प्रदर्शनात याहून रटाळ काही नव्हतं, आणि हे महाशय त्यासमोर डोळ्यांत जीव आणून उभे!

माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी वर्तमानपत्रात प्रदर्शनांची परीक्षणं लिहिते. मागे एका छायाचित्रकाराने मला महिनाभर कॉफी पाजली, माझ्या हसण्याची तारीफ केली. कौतुकाचा लेख छापून आला आणि साहेब गायब! तेव्हापासून कुणी गोड हसलं की मी आधी हिशेब करते – यात याचा फायदा काय?

"तुम्ही काढलाय हा?"

"छे! मी दातांचा डॉक्टर आहे."

"मग गॅलरीवाल्यांचे पाहुणे?"

"आणि तुम्ही... पोलीस?" तो फोटोकडे बघतच हसला. दात छान होते. धंद्याची जाहिरात असावी.

पुढच्या आठवड्यात गेले, तर हा पुन्हा कोळशापुढे!

"परत आलात?" त्याने मागे न बघताच विचारलं.

"मत देण्याआधी मी दोनदा बघते."

तो गालातल्या गालात हसला. कोळशाकडे बघून कोण हसतं हो?

घरी ताईला सांगितलं. "गॅलरीने पेरलेला माणूस आहे," ती म्हणाली. "तोंड उघडायला लावणं हाच त्याचा धंदा. तू आपलं बंद ठेव."

मी तोंड बंद ठेवलं, लेखणी नाही. लिहिलं – कोळशाच्या फोटोत दम नाही, आणि काच इतकी चकाकते की बघणाऱ्याला आपलंच तोंड दिसतं. गॅलरीने मुकाट्याने काच बदलली.

शेवटच्या दिवशी तो तिथेच होता, चेहरा पाडून.

"तुमच्या लेखाने माझं फार नुकसान झालं."

सापडला! "म्हणजे गॅलरीत तुमचं काहीतरी गुंतलंय तर?"

"गुंतलं होतं... त्या काचेत." तो फोटोकडेच बघत होता. "मागे उभ्या असलेल्या तुम्ही दिसायचात. पेनाचं टोपण चावताना. वाईट असतं ते दातांना."

मी टोपण तोंडातून काढलं.

"सरळ वळून बघायचं की!"

"तुमची नजर बघितलीय कधी? झडतीच घेते."

"आता काच चकाकत नाही. मग?"

तो वळला... सावकाश. पहिल्यांदाच समोरासमोर. आणि माझा सगळा हिशेब चुकायला लागला.

"कॉफी?" त्याने विचारलं.

तोच शब्द! मी सावरले. "मी पाजणार. आणि तुमच्याबद्दल एक ओळही छापून येणार नाही."

"चालेल. पण मत देण्याआधी... दोनदा बघाल ना?"

"दोनदा?" मी टोपण त्याच्या हातावर ठेवलं. "तुमच्या बाबतीत जरा जास्तच वेळ लागेल."