चारशे गाठींची राख

फोन आला तेव्हा सकाळचे पावणेसहा वाजले होते. सिंदी रेल्वेतल्या चांदवेल शेतकरी कंपनीच्या गोदामाला आग लागली होती आणि आत माणूस होता.

सहायक निरीक्षक वर्षाली भोयर पोचली तोवर छताचे पत्रे कोसळले होते. अग्निशमनवाल्यांनी दाराजवळच्या बारा गाठी ओढून अंगणात टाकल्या होत्या आणि त्यांच्यावर पाणी मारणं चालू होतं. दहा वाजेपर्यंत आग विझली. मग प्रफुल सापडला. कंपनीचा व्यवस्थापक, वय एकतीस. बायकोनं, सपनानं, हातातल्या घड्याळावरून ओळखला. ती रडली नाही, नुसती उभी राहिली, आणि वर्षालीला ते जास्त जड गेलं.

गावाला निकाल द्यायला दुपारही लागली नाही. पोरानं सभासदांचा कापूस वायद्यात लावला, भाव उलटा फिरला, म्हणून गोदाम पेटवून स्वतःही मेला. दोनशे बारा शेतकऱ्यांचा कापूस, त्याच्या चारशे गाठी, सगळं गेलं. चौकात कुणीही याहून वेगळं बोलत नव्हतं.

संध्याकाळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. श्वासनलिकेत काजळी नव्हती आणि कवटीला मागून घाव होता. आग लागण्यापूर्वीच प्रफुल मेला होता.

वर्षालीनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. गावाचं म्हणणं खरं मानलं जातंय असं खुन्याला वाटू द्यावं, एवढाच हिशेब. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुलला नेलं तेव्हा दोनशे बारांतला एकही सभासद आला नाही. खांद्याला दोन चुलतभाऊ, एक मित्र आणि हमालांचा मुकादम प्रेमदास. चारच. बदलायला पाचवा नव्हता, म्हणून वाटेत तीनदा तिरडी खाली ठेवावी लागली.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गोदामात गेली. मे महिना, ऊन आठ वाजताच डोक्यावर. अंगणातल्या बारा गाठी पाण्यानं न्हाल्या होत्या, तरी त्यांतून धूर निघत होता. ती आत शिरली. राख घोट्याएवढी होती. तिनं खाली बसून हात घातला, मनगटापर्यंत. मग दारापासून मागच्या भिंतीपर्यंत चालत गेली आणि परत आली.

अध्यक्ष किसनराव कंपनीच्या ऑफिसात बसले होते. साठीचा माणूस, तीस वर्षं कापसाच्या धंद्यात. डोळे सुजलेले. वर्षालीनं चहा मागवला. त्यांनी आपला कप सरकवून दिला.

"साखर चालत नाई मले, मॅडम."

"प्रफुलला वायदा करायला परवानगी कुणी दिली?"

"सही माहीच हाय. पोट्टा शिकेल होता, आमी अडाणी. भाव चढत गेला अन् आमी बुडत गेलो. चार महिने झोप नाई मले."

"गाठी शेवटच्या कधी पाहिल्या?"

"रोजच पाहो ना. दार उघडलं का दिसे. छतापावतर थप्पी."

"किल्ली?"

"इथंच, त्या खिळ्याले. कोनीबी घेत होता."

प्रेमदास बाहेर निंबाखाली बसला होता. त्याला फार विचारावं लागलं नाही, कारण गोदाम जळलं म्हणून आपल्यालाच पकडून नेणार अशी त्याची खात्रीच झाली होती. गाठी उचलायचा हूक त्याचाच, गोदामात जाणंयेणं त्याचंच. तो अध्यक्षांचे गुण गात राहिला. जानेवारीत त्यांनी गाडीभाडं देऊन सगळ्या हमालांना दोन दिवस गिरडला दर्ग्यावर पाठवलं होतं. इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं.

सपनाचं घर स्टेशनच्या मागं. दारावर कुणीतरी शेण मारलं होतं. तिनं ते धुतलं नव्हतं.

"वायदा म्हणजे सट्टाच ना?" वर्षालीनं मुद्दाम विचारलं.

"नाई." सपना आत गेली आणि भाजीचा तराजू घेऊन आली. "मले असं शिकवलं होतं त्याईनं. सभासदाईलेबी असंच शिकवलं. ह्या पारड्यात गोदामातला कापूस. ह्या पारड्यात वायदा, म्हणजे आजच्याच भावानं विकून ठेवलेला सौदा. भाव पडला तं कापसात जाते, वायद्यात येते. चढला तं वायद्यात जाते, कापसात येते. लय कमाई नाई, पन बुडनं नाई. हेजिंग म्हनत होते."

"भाव चढला तेव्हा घाबरले होते?"

"काऊन घाबरतीन? कापूस होता ना. गुरुवारी मिलचे ट्रक येणार होते. कापूस विकू, वायदा मिटवू, झालं. म्हनून त्या दिवशी पहाटे गाठी मोजाले गेले."

"एकटेच?"

"मले नाई सांगितलं. थर्मास नेला, दोन कप नेले." तिनं तराजू खाली ठेवला. "चहा बिनसाखरेचा कर म्हने. सोताले तं दोन चमचे लागत होते."

वर्षालीनं तराजूकडे पाहिलं आणि उठली. त्या दुपारी ती हिंगणघाटच्या कापूसबाजारात गेली, उशिरा परतली.

चौथ्या दिवशी तिनं सभासदांना ऑफिसासमोरच्या मंडपात बोलावलं. दीडशेक आले. किसनराव पुढच्या खुर्चीवर. सपना सगळ्यात मागे, प्रेमदासजवळ. अंगणातल्या बारा गाठींचा धूर अजून अंगावर येत होता.

"प्रफुल जळून मेला नाही," वर्षाली म्हणाली. "आधी त्याच्या डोक्यात मागून घाव घातला, मग आग लावली. प्रेमदासभाऊ, पक्की बांधलेली गाठ पेटली तर किती दिवस जळते?"

प्रेमदासला आपल्याला का विचारलं ते कळेना. "आठ दिवस, मॅडम. वरून विझली तरी आतून धुमसत राह्यते."

"या बारा गाठी चार दिवस धुमसताहेत, एवढं पाणी मारून. आत तीनशे अठ्ठ्याऐंशी होत्या म्हणता. त्या चार तासांत विझल्या. तिसऱ्या दिवशी मी राखेत मनगटापर्यंत हात घातला. थंड होती. गाठीला बांधायच्या लोखंडी पट्ट्या जळत नाहीत, तरी मागे एकही नाही. आत गाठी नव्हत्याच. दाराशी बारांची भिंत, मागे सुटा कचरा कापूस."

वर्षाली पुढच्या खुर्चीकडे वळली.

"ज्याचा कापूस गोदामात होता आणि वायदाही होता, त्याला भाव चढला काय अन् पडला काय, झोप लागली पाहिजे. प्रफुलला लागत होती. एक माणूस मात्र म्हणाला, भाव चढत गेला आणि आम्ही बुडत गेलो. असं कोण बुडतो? ज्याचं कापसाचं पारडं रिकामं आहे तो. किसनराव, जानेवारीत हमाल गिरडला होते तेव्हा बाहेरच्या माणसांकडून चार ट्रक भरले. हिंगणघाटच्या व्यापाऱ्याकडे त्या गाठींचे नंबर सापडले, वाहतुकीच्या चिठ्ठीवर तुमची सही. गुरुवारी मिलचे ट्रक येणार, आत मोजणी होणार. पहाटे तुम्ही प्रफुलबरोबर गेलात. त्यानं तुमच्यासाठी बिनसाखरेचा चहा आणला होता."

किसनरावांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"होळीपावतर भाव पडतेच, मॅडम," ते हळू म्हणाले. "तीस वर्षं पाहून राह्यलो. पडला का सस्त्यात गाठी भरून देणार होतो. कोनाले समजलंबी नसतं. तो म्हने, अध्यक्ष, आधी मोजू, मंग चहा घेऊ. मोजाले वाकला."

"त्यानं सगळ्यांची जोखीम कमी केली होती. ती तुम्ही परत आणून यांच्याच डोक्यावर ठेवली. आता वायद्याचा तोटा खरा झाला, कारण भरून काढायला कापूसच नाही."

किसनरावांना गाडीत बसवलं. तेव्हा कुठे माणसांना तोंड फुटलं. देवकाबाई नावाची म्हातारी सभासद होती, चौकात प्रफुलला सगळ्यात जास्त शिव्या तिनंच दिल्या होत्या. ती मागे वळली आणि सपनाचा हात धरायला गेली. आणखी दहाबारा जण तिच्यामागे सरकले. कुणी म्हणालं, तेरवीला सगळे येऊ, खर्च आम्ही करू.

सपनानं हात सोडवून घेतला आणि माणसांमधून वाट काढत वर्षालीपुढे आली.

"तुमाले कवा समजलं, त्याईले कोनं मारलं म्हनून? म्हंजे, ते सोता मेले नाई म्हनून?"

खोटं बोलता आलं असतं. "पहिल्याच दिवशी. संध्याकाळी."

"अन् नेलं दुसऱ्या दिवशी."

"हो."

"तुमी एक शब्द बोलल्या असत्या तं एवढे सगळे आले असते खांद्याले." तिनं मंडपाकडे पाहिलं. "तीनदा खाली ठेवलं त्याईले, रस्त्यावर."

वर्षालीकडे उत्तर होतं, तपासाचं, नियमाचं, आणि ते बरोबरही होतं. ते तिनं दिलं नाही. माफ करा एवढंच म्हणाली.

सपनानं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि ती स्टेशनच्या रस्त्याला लागली. प्रेमदास तिच्यामागून थोडं अंतर ठेवून चालत गेला. बाकीचे मंडपातच उभे राहिले.