अकरा कम्प्युटरांपुरता गॅनेट

फर्गस पहिल्यांदा आमच्या केंद्रात आला तो इंटरनेट मागायला. वाऱ्याने टेकडीवरचा टॉवर पडला होता, त्याच्या घरची लाइन गेली होती आणि बाहेर भुरभुर चालू होती. दारात उभं राहून त्याने टोपी झटकली... ती थेट माझ्या कागदांवर.

“सॉरी! अर्धा तास बसू का इथे?”

“बसा. आधी कागद पुसा.”

त्याने खरंच बाहीने पुसले. मी हसले नाही. म्हणजे, तेव्हा तरी नाही.

जीव्हस्टन गावातल्या त्या कम्प्युटर केंद्रात काम करणारी मी एकटीच. अकरा कम्प्युटर, सगळे एका बंद पडलेल्या शाळेने दिलेले, एकाच बनावटीचे आणि सारखेच म्हातारे. रोज येणाऱ्या डल्सीबाई त्यातल्या एकासमोर बसून पर्थला राहणाऱ्या नातीचे फोटो उघडायची वाट बघत होत्या. पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत होतं.

“हे कधीपासून फिरतंय?” फर्गसने विचारलं.

“मंगळवारपासून,” डल्सीबाई म्हणाल्या. “आज गुरुवार आहे, बाळा.”

तो खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसला. वीस मिनिटांत नातीचे फोटो भराभर उघडायला लागले आणि डल्सीबाईंनी त्याचा गालगुच्चा घेतला. मी विचारलं, काय केलंस रे? तर लाजला.

“ब्राउझर बदलला. एका नावाजलेल्या ब्राउझरचा कोड सगळ्यांना खुला असतो. मी तो घेतो, नको ते काढतो आणि प्रोसेसरला मानवेल असा नव्याने बांधतो. गॅनेट नाव ठेवलंय, एका समुद्रपक्ष्याचं. चाळीस हजार लोक वापरतात.”

“आणि पोटापाण्याला?”

“सफरचंदांच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये खोकी उचलतो.”

“तरीच खांदे...” मी म्हणाले आणि जीभ चावली.

त्याने ऐकलं होतं. पुढच्या गुरुवारी, टॉवर दुरुस्त झालेला असूनही, तो आला.

मग येतच राहिला. आमच्या अकरा म्हाताऱ्यांवर त्याचा जीव जडला होता. “यांचं घराणंच वेगळं आहे, टॅमसिन,” तो सांगायचा. “यांच्या प्रोसेसरला दोन-तीन युक्त्या अशा येतात, की नंतरच्या कुणालाच येत नाहीत. त्या वापरून बांधलं ना, तर बघ कसे पळतात!” तो बोलताना हात हलवायचा, आणि मी प्रोसेसर सोडून त्याच्या हातांकडे बघायची.

सगळं छान चाललं होतं. फक्त ती सास्किया नसती तर!

सास्किया मेलबर्नला राहायची. गॅनेटची प्रत्येक नवी आवृत्ती आधी तिच्याकडे जायची. तिने आपल्या आठ मशीनवर चालवून ‘हो’ म्हटलं, की मगच ती जगाला मिळायची. त्यामुळे दिवसभर आपलं ‘सास्कियाला विचारतो’, ‘सास्किया म्हणाली’. त्याचा फोन टिंग वाजला की माझ्या कपाळावर आठी. मी तिचा फोटोसुद्धा शोधून काढला. कड्यावर चढत होती, बॉबकट, मस्त हसू. दिसायला चांगली होती हे तर फारच वाईट झालं.

आणि तीन महिन्यांनी एका गुरुवारी त्याने सांगितलं, “सास्किया म्हणते, मेलबर्नला ये. दोघं मिळून पूर्णवेळ हेच करू. तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. रविवारपर्यंत सांगायचंय.”

“अरे वा!” मी म्हणाले. “मग... जा की.”

“जाऊ?”

“मला काय विचारतोस? तिला विचार ना. तिच्या परवानगीशिवाय तू शिंकतोस तरी का?”

त्याचा चेहरा उतरला. “असं वाटतं तुला?”

“आज तयार केलेली नवी आवृत्ती जगासाठी सोड बघू तिला न विचारता! नाहीच जमायचं.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग अकराही कम्प्युटरांवर नवी आवृत्ती चालवून बघितली. फर्रकन उघडली. आणि त्याने बटण दाबून ती जगासाठी खुली केली. मी जिंकले होते. मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

अर्ध्या तासात त्याचा फोन थरथरायला लागला. ब्राझील, पोलंड, जपान... सगळीकडून एकच तक्रार. गॅनेट उघडला की लगेच बंद पडतो.

“पण इथे तर चालतोय!” फर्गस पांढराफटक पडला होता. सात वर्षांची मेहनत, एका दुपारी.

तेवढ्यात सास्कियाचा व्हिडिओ कॉल आला. “फर्गस, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? त्या जुन्या मशीनचं सेटिंग तू सगळ्यांच्या आवृत्तीत तसंच ठेवलंयस. त्या युक्त्या दुसऱ्या कुणाला येतात का? अख्ख्या पृथ्वीवर गॅनेट कुठे चालतोय, तर तुझ्या त्या खोलीत!”

मग तिचा आवाज खाली आला.

“मला का नाही पाठवलीस आधी?”

मला राहवलं नाही. मी पडद्यासमोर गेले. “चूक माझी आहे. मीच त्याला डिवचलं. मी... मी तुझ्यावर जळत होते.”

बोलून गेले आणि कान तापले. फर्गस माझ्याकडे बघतच राहिला. सास्किया मात्र हसली, पण ते हसू कड्यावरच्या फोटोतलं नव्हतं.

“तू टॅमसिन ना? तीन महिने त्याच्या प्रत्येक मेसेजमध्ये वाचतेय, ‘टॅमसिन म्हणाली’, ‘टॅमसिन हसली’. आणि जळायचा मक्ता काय तू एकटीनेच घेतलायस?”

मी पडद्यासमोरून बाजूला झाले.

“जुनी आवृत्ती लगेच परत लाव, फर्गस,” ती म्हणाली. “नवी माझ्याकडे पाठव, मी तपासते. आणि खोलीचं... राहू दे. माझ्या मैत्रिणीला हवी होती.” आणि तिने घाईघाईने कॉल बंद केला.

पुढचा तासभर तो टाइप करत राहिला, नवी आवृत्ती दुरुस्त करून त्याने सास्कियाला पाठवली आणि मी शेजारी बसून राहिले. तक्रारी थांबल्या तेव्हा त्याने कीबोर्ड बाजूला सारला.

“सेटिंग मी मुद्दाम नव्हतं ठेवलं हं. खरंच विसरलो. तीन महिने दुसऱ्या कुठल्या मशीनचा विचारच आला नाही डोक्यात.”

“म्हणजे फक्त या मशीनचाच?”

“नाही...” तो हळूच म्हणाला. “तुझा, टॅमसिन. तुझाच.”

“मग जाऊ नकोस ना,” मी म्हणाले. “मला तू इथे हवा आहेस. नुसता गुरुवारी नाही.”

त्याने माझा हात हातात घेतला. इतक्यात त्याचा फोन टिंग वाजला. ‘तपासलं. आठही मशीनवर चालतंय. सोड.’ एवढंच लिहिलं होतं तिने. माझ्या कपाळावर या वेळी आठी आली नाही. उलट, मेलबर्नमधल्या त्या मुलीसाठी माझेच डोळे भरून आले.