ओली चादर

तपासणीच्या दिवशी दवाखाना जितकं खोटं बोलतो, तितकं लग्न जुळवणारा मध्यस्थही बोलत नाही. दवाखान्यांना गुण देत फिरणं हा माझा धंदा. पूर्वी मी बाळंतपणं करायचो. आता दुसऱ्यांनी केलेली बाळंतपणं किती नीटनेटकी आहेत ते बघतो. फाटकातच ताज्या रंगाचा वास आला की समजावं, आपल्या आधी आपलं पत्र पोचलेलं आहे.

कुरखेड्याच्या पुढे, जंगल रस्त्याला येऊन भिडतं तिथल्या या लहानशा रुग्णालयात तो वास एप्रिलच्या उन्हात डोळ्यांत झोंबत होता. फाटकात रांगोळी, आणि रांगोळीशेजारी धुऊन-पुसून, पुढे झेंडूचा हार घालून उभी केलेली रुग्णवाहिका. ड्रायव्हर पवन इस्त्रीच्या कपड्यांत स्टिअरिंगमागे घामाघूम होऊन बसला होता. 'गाडी सदैव तयार' असा एक मुद्दा असतो. मी त्याला पूर्ण गुण देऊन आत गेलो.

अधीक्षक डॉ. अजय शाल घेऊन उभेच होते. मी ती घेतली नाही, तेव्हा त्यांनी ती खुर्चीच्या पाठीवर टाकली. खुर्चीचा सत्कार झाला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत फलक होता : 'मातामृत्यू - शून्य'.

"वर्षभरात एक नाही सर," ते म्हणाले. पहिल्या नातवाकडे बघावं तसे ते फलकाकडे बघत होते.

हे शून्य कसं शिजतं ते मला ठाऊक आहे. जी बाई अडेल अशी भीती वाटते तिला मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी द्यायची आणि फाटकाबाहेर काढायची. बाहेर जे होईल ते आपल्या आकड्यात नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा.

बाळंतिणींच्या कक्षात सगळ्या खाटा भरलेल्या होत्या, कोपऱ्यातली एक सोडून. बायकांच्या वेण्या घातलेल्या, कपाळाला कुंकू, मनगटावर सुईविना चिकटवलेल्या सलाइनच्या नळ्या. या कर्मचाऱ्यांच्या मावश्या आणि वहिन्या. पण कोपऱ्याच्या शेजारच्या खाटेवर तर चक्क साठीची एक म्हातारी झोपवलेली होती. बाळंतिणींच्या कक्षात! एवढी अक्कल विकत मिळत नाही, ती अंगचीच असावी लागते.

"आजी, नाव काय?"

"गुणाबाई. अंकुश इथी झाडू मारते नं, त्याची सासू."

"दवाखाना कसा आहे?"

"सगळं बेस हाय साहेब," ती पाठ केल्यासारखं म्हणाली, आणि मग आवाज उतरवून, "पन खालून ओल लागून राह्यली."

"म्हातारं माणूस सर, चालायचंच," डॉ. अजय हसून म्हणाले आणि मला पुढे घेऊन गेले.

कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेवरची पांढरी चादर मधोमध भिजलेली होती. मी बोट लावलं. कोमट. वर छत कोरडं होतं, जवळ नळ नव्हता. सिस्टर रंभानं घाईघाईनं चादर ओढून काढली. खालची गादी अगदी कोरडी होती. नवी चादर अंथरली गेली. मी औषधांचं कपाट बघून परत आलो, तर नवी चादरही तिथंच, तशीच भिजलेली. या खेपेला वासही आला : मोहफुलांचा, गोडसर, आंबूस. कुणीतरी दारू सांडून ठेवली असणार, असं माझ्या मनात आलं. पण त्या वासाखाली दुसरा एक वास होता. ज्यानं बाळंतपणं केली आहेत तो तो वास विसरत नाही. गर्भजलाचा.

विचित्र वाटलं की मी यंत्रं तपासतो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहतं.

"डॉप्लर दाखवा."

पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं ते हातात मावणारं यंत्र सिस्टरनं आणलं. मला दाखवायला म्हणून त्याच्या टोकाला जेलीही लावली. मी बटण दाबलं. नुसती खरखर. लिहायला हात मोकळा हवा म्हणून मी ते टोक त्या ओल्या चादरीवर टेकवलं.

खरखरीतून ठोके आले. भातगिरणीचा पट्टा दूरवर फिरत असावा तसे.

मी टोक उचललं. खरखर. पुन्हा टेकवलं. ठोके.

"लूज कॉन्टॅक्ट असेल सर," डॉ. अजय म्हणाले.

मी ऐकत राहिलो. ठोके जरा मंदावले, रेंगाळले, मग पुन्हा धावले. दमलेल्या बाळाचं हृदय असंच चालतं.

"या खाटेवर कोण होतं?"

"कोणी नाही सर, रिकामीच आहे ही."

सिस्टर रंभा जमिनीकडे बघत होती. "बुधरी होती," ती म्हणाली. "सकाळी पाठोली सर. पानी गेलं होतं, पन बाळ सरकून नाई राह्यलं होतं. तपासनी हाय म्हनून…"

"कशातून पाठवली?"

"मोहफुलाचा पिकअप जाऊन राह्यला होता गडचिरोलीले. त्याच्यात. पोत्यावर निजवली. नवरा हाय संगं, बिरजू."

"आणि रुग्णवाहिका?"

ती फाटकात हार घालून उभी होती आणि तिला मी पूर्ण गुण दिले होते.

"गाडी पाठवा. आत्ता."

"सर, तिचे फोटो अजून व्हायचे आहेत," डॉ. अजय म्हणाले.

आयुष्यात मी माणसांचा पुष्कळ तिटकारा केला आहे, पण इतका स्वच्छ तिटकारा मला कधी आला नव्हता. मी कुणावर तरी ओरडलो. सिस्टर रंभा धावत जाऊन गाडीत बसली. रुग्णवाहिका रांगोळीवरून निघाली. त्या जंगलात फोन लागत नाही, म्हणून मागे उरलं ते फक्त ते यंत्र.

मी टोक चादरीवर धरून वाकून उभा राहिलो. जेवण आलं, गार झालं. वेण्या घातलेल्या मावश्या एकेक करून उठल्या आणि व्हरांड्यात जाऊन बसल्या. डॉ. अजय दारातून डोकावून गेले. माझं डोकं फिरल्याचं ते कुणालातरी हळू आवाजात सांगत होते. मला भीती वाटत होती, आणि हात उचलायची त्याहून जास्त भीती वाटत होती.

ठोके मंदावले.

थांबले.

मी टोक दाबून धरलं. बऱ्याच वेळानं एक आला. मग दुसरा.

उन्हं कलताना गाडी आली. पिकअप जंगलात टायर फुटून पडला होता. बुधरीच्या लुगड्याला मोहफुलं चिकटलेली होती. तपासायला आलेल्या माणसानं हातमोजे घालायचे नसतात, असा नियम आहे. मी घातले. व्हॅक्यूम लावून बाळ ओढून काढलं. निळसर मुलगी. ती रडली. उशिरा, पण रडली.

सिस्टर रंभा माझ्या कानाशी आली. "सर, मी पोहोचली तवा हिच्या पोटावर जेली होती. ओली. डॉप्लर तं इथीच होता."

मी हात धूत राहिलो.

"शून्य टिकलं सर!" डॉ. अजय दारातून म्हणाले.

मी कक्षात परतलो. कोपऱ्यातली चादर वाळली होती. शेजारी गुणाबाई खाटेखाली उतरून उभी होती, पाठीमागचं लुगडं पिळत.

"साहेब, आता तरी माही चादर बदला नं. सकाळपासून सांगून राह्यली, कोनी आयकत नाई."

मी चादर उचलली. खालची गादी कोरडी होती.

"सिस्टर, या खाटेवर कोण होतं?"

रंभानं मागे उभ्या असलेल्या डॉ. अजयांकडे पाहिलं. मग म्हणाली, "रंजीता. काल तिलेबी चिठ्ठी देऊन पाठोली."

"कुठं आहे ती?"

"इथून तर गेली ना सर," डॉ. अजय म्हणाले.

मी डॉप्लर घेतला, जेली लावली आणि टोक त्या ओल्या चादरीवर टेकवलं. खरखर. टोक सरकवलं, दाबलं, वाट पाहिली. खरखरच.

बुधरीची चादर शेवटपर्यंत कोमट होती. ही विहिरीतून काढल्यासारखी गार होती, आणि तिला वास कसलाच नव्हता.