खालची कोरी जागा

कसालहून सुटणारी एसटी वेळेवर आली असती, तर ही गोष्ट घडलीच नसती. पण ती आली चाळीस मिनिटं उशिरा, आणि समीक्षा धापा टाकत मालवणच्या वाचनालयाच्या माडीवर पोचली, तेव्हा चित्रकलेच्या वर्गात एकच जागा उरली होती. शेजारी एक उंच, सावळा मुलगा. हातातली गळकी छत्री कुठे ठेवावी तेच तिला कळेना.

"दी ती हय," म्हणत त्याने ती घेतली आणि खिडकीच्या गजाला अडकवली.

वर्ग चार रविवारांचा. सुगंधा मॅडमचा धडा तसा सोपा… कागद रंगवायचे, त्यातून वाटतील ते आकार कापायचे आणि मांडणी जमेपर्यंत पांढऱ्या कागदावर सरकवत राहायचे. मग चिकटवायचे.

"मासा नको, होडी नको, माड तर नकोच नको," मॅडम म्हणाल्या. "नुसते आकार. ते एकमेकांशी कसे वागतात ते बघा."

शेजारचा मुलगा दत्तप्रसाद, तोंडवलीचा. रंग असा लावायचा की काय सांगावं! सपाट, कुठे डाग नाही. पण मांडणी करताना सगळे आकार कागदाच्या वरच्या भागात आणि खालचा तिसरा हिस्सा कोरा करकरीत. पहिल्या रविवारी तसंच, दुसऱ्या रविवारीही तसंच.

"दत्तप्रसाद, खालचा कागद घरी न्यायचा आहे का?" मॅडमनी विचारलं. वर्ग खो खो हसला. त्याचे कान लाल झाले.

आता समीक्षाला चैन पडेल तर शपथ! औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकाला गोळ्या देतानाही तिच्या डोक्यात तोच कोरा कागद. का सोडत असेल हा? तिसऱ्या रविवारी चहाच्या सुट्टीत, व्हरांड्यात पावसाचे शिंतोडे अंगावर घेत, तिने विचारलंच.

"खरां सांग. खाली कायच कित्या लावणस नाय?"

"हसतलंस."

"हसूचंय नाय."

त्याने चहाचा एक घोट घेतला. "मासेमारीची बंदी आसता ना, तेव्हा आमच्या वाडीतल्यो होड्यो मीच रंगवतंय. खालचो भाग… तो पाण्याखाली जाता. थय नक्षी काढून कोण बघतलो? हाताक सवय लागली."

समीक्षाने आपला शब्द मोजून तीन सेकंद पाळला. मग अशी हसली की कपातला चहा सांडला. तोही हसायला लागला.

"आनि तुझां काय?" वर्गात परतल्यावर तो तिच्या कागदावर वाकला. "सगळ्यांमधी सारखां अंतर. औषधांचां कपाट जसां! कोण कोणाक हात पन लावणा नाय."

"शिस्त आसा ती!"

"शिस्त? ह्यो लाल गोल बघ. बिचारो कंटाळलो आसा." त्याने बोटाने तो गोल निळ्या त्रिकोणाकडे सरकवला. "असो?"

"थोडो… अलीकडे."

"अजून?"

"अजून." हे म्हणताना तिने कागदाकडे बघितलंच नाही.

तो गोरामोरा झाला. मग हळूच म्हणाला, "पुढचो रविवार शेवटचो. नारळी पुनव झाली की होडी दर्यात. मगे माका खंयचो रविवार?"

समीक्षा मनातल्या मनात अंतर मोजायला लागली. कुठे कसाल, कुठे तोंडवली! कसलं निमित्त काढून यायचं? तिला तो आवडला होता, अगदी मनापासून. परतीच्या एसटीत तिने हे स्वतःशी कबूलही केलं. पण त्याचं काय? ते कळल्याशिवाय हा वर्ग संपता कामा नये, एवढंच तिला ठाऊक होतं.

शेवटच्या रविवारी मॅडमनी नवीनच टूम काढली. दोघांत एक कागद, आळीपाळीने एकेक आकार, आणि तोंडातून चकार शब्द नाही.

समीक्षाने हिरवा तुकडा ठेवला. त्याने पिवळा तुकडा अगदी जवळ आणला, थांबला… आणि मागे घेतला. तिने मुद्दाम एक निळा त्या पिवळ्याच्या दिशेने ठेवला. त्याने पुन्हा पिवळा पुढे आणला… पुन्हा मागे! असा राग आला तिला! वादळवाऱ्यात होडी हाकणारा माणूस, आणि कागदाच्या कपट्याला भितो?

"पाच मिनिटं राहिली. चिकटवा आता," मॅडम म्हणाल्या.

डिंकाची बाटली समीक्षाकडे होती. तिने ती घट्ट धरून ठेवली.

"दत्तप्रसाद," ती चांगली मोठ्याने म्हणाली, "पुनवेनंतरच्या रविवारी मी तोंडवलीक इलंय, तर तू खंय मेळतलंस?"

सगळ्या वर्गाच्या माना वळल्या. मॅडमनी नियमाची आठवण करून द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं.

"दर्यात," तो पुटपुटला. मग घाईघाईने, "म्हंजे… दुपारी किनाऱ्याक लागतंय. कित्या? मासे व्हये?"

"मासे कसालाक पन मेळतत," समीक्षा म्हणाली. "माका तू आवडतंस. तुका बघूक येतलंय."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. दत्तप्रसादने डिंकाची बाटली घ्यायला हात पुढे केला आणि बाटलीसकट तिचा हातच धरला.

"मगे," तो म्हणाला, "त्या दिवसा जाळां वायच लवकर वडतंय."