राकाइपाताचे कोनाडे

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या बेनिताआत्या आजही पेरूतल्या उरुबांबाच्या खोऱ्यात, आमच्याच गल्लीत राहतात. हवं तर येऊन विचारा. फक्त सूर्य डोंगराआड जायच्या आत विचारा. त्यानंतर त्या या विषयावर तोंड उघडत नाहीत.

ऑगस्टचा महिना होता. आमच्याकडे ऑगस्टमध्ये जमीन जागी असते असं म्हणतात.

आत्या तेव्हा प्रवाशांना घेऊन राकाइपाताला जायच्या. गावाच्या डोक्यावर, इंकांच्या काळातलं पडकं ठाणं. त्या दिवशी अरेकिपाहून आलेली भावंडं होती. होविताबाई थोरली, मुलांना गाणं शिकवून निवृत्त झालेली. एलादियो धाकटा. पोट सुटलेला, गडगडाटी हसणारा.

"आमच्या अरेकिपाचे दगड बघा, पांढरेशुभ्र!" चढता चढता एलादियो म्हणाला. "तुमचे हे काळे ठोकळे कोण बघायला येतं हो?"

"तुम्ही आलात की, साहेब," आत्या म्हणाल्या. "दम आधी पायांना पुरवा, मग जिभेला."

होविताबाई खेचरावर बसल्या होत्या. त्या इतक्या हसल्या की खेचर बुजलं.

वर पोचल्यावर आत्यांनी रीतीप्रमाणे कोकाच्या पानांवर फुंकर घालून ती डोंगराला वाहिली. मक्याच्या दारूचे चार थेंब जमिनीला पाजले. भावंडांनीही हात जोडले. कुणी थट्टा केली नाही. कुणी काही चुकवलं नाही.

आत्या हे आजही पुन्हा पुन्हा सांगतात. काही चुकलं नव्हतं.

ठाण्यात एक लांब भिंत आहे. तिच्यात डोक्याच्या उंचीवर कोनाडे आहेत, ओळीने. कोनाड्यात डोकं घालून गुणगुणलं की सगळी भिंत घुमते. सगळे प्रवासी हे करतात.

एलादियोनेही केलं.

त्याने डोकं आत घातलं आणि खर्जात सूर लावला. भिंत घुमली. होविताबाईंनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात सूर्य डोंगराआड गेला.

आणि वारा थांबला...

ऑगस्टचा वारा आमच्याकडे दिवसभर पत्रे वाजवतो. तो एकदम थांबला. गवताची काडी हलेना. खेचराने कान मागे टाकले.

एलादियो गायचा थांबला होता.

भिंत थांबली नव्हती.

तोच सूर... तोच आवाज... त्याचं डोकं कोनाड्यात स्तब्ध, आणि सूर शेजारच्या कोनाड्यातून येत होता.

मग त्याच्या पलीकडच्या.

"साहेब, बाहेर या!" आत्या ओरडल्या. त्यांनी त्याला खांद्याला धरून ओढलं. तो सहज आला. एवढा अंगापिंडाचा माणूस, रिकाम्या पोत्यासारखा.

डोळे उघडे होते. श्वास चालू होता. पण डोळ्यांत कुणीच नव्हतं.

खेचरावर घालून त्याला आत्यांच्या घरी आणलं. दवाखान्यातली नर्स आली. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. तिने उजेड त्याच्या डोळ्यांवर धरला. मग आत्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "उद्या शहरात न्या. पण त्याआधी... तुमच्या सासूबाईंना दाखवा."

आत्यांच्या सासूबाई गावातल्या जाणत्या, हरवलेला जीव परत बोलावणाऱ्या. त्यांनी नुसतं त्याच्या छातीवर कान ठेवला.

"हा इथे नाही. वर राहिलाय," त्या म्हणाल्या. "रक्ताच्या माणसाने जाऊन हाक मारायची. याची टोपी न्या. ओ आली की त्याला टोपीत घ्या आणि चालू लागा. मागे वळायचं नाही."

होविताबाई शिकलेल्या. पण त्यांनी वाद घातला नाही. भावाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी उचलली.

दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा वर गेल्या. सूर्य डोंगराला टेकला होता. वारा भणाणत होता.

होविताबाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या. टोपी दोन्ही हातांत, ओंजळीसारखी.

सूर्य गेला.

वारा थांबला...

"एलादियो! घरी चल रे!"

शांतता.

मग डावीकडच्या कोनाड्यातून...

"आलो, ताई!"

त्याचाच आवाज. थोडा खाकरल्यासारखा, हसरा. होविताबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या धावल्याच.

आत्यांनी त्यांचा दंड घट्ट धरला.

कारण उजवीकडूनही ओ आली होती.

"आलो, ताई!"

मग मधून. मग आणखी पलीकडून.

"आलो, ताई! आलो! आलो!"

प्रत्येक आवाज एलादियोचा. तेच खाकरणं. तेच हसू.

"यातला कुठला?" होविताबाई पुटपुटल्या. सासूबाईंनी हे काही सांगितलं नव्हतं.

होविताबाईंनी डोळे पुसले. मग वर्गात विचारावं तशा खणखणीत आवाजात विचारलं, "आई मरताना तुला काय म्हणाली होती?"

क्षणही गेला नाही.

"म्हणाली, पाय पुसून आत येत जा!"

सगळे कोनाडे एकदम बोलले.

होविताबाईंचा चेहरा पांढरा पडला. उत्तर बरोबर होतं. खोलीत तेव्हा तिघंच होती. त्यातली एक गेली.

अंधारून येत होतं. भिंत बोलावत होती, "इकडे, ताई! इकडे!" आत्या त्यांना ओढू लागल्या. "चला बाई, उद्या येऊ!"

"थांब."

होविताबाई ओळीच्या टोकाला बघत होत्या. शेवटचा कोनाडा. अर्धा ढासळलेला.

तो गप्प होता.

"त्यातून ओ आलीच नाही," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही."

"मग तो रिकामा असेल!"

"बेनिता, माझ्या भावाने जन्मात कधी पहिल्या हाकेला ओ दिलेली नाही. जेवायला बोलवा, झोपेतून उठवा, आधी गप्पच बसणार."

त्या गेल्या. टोपी त्या कोनाड्यात ठेवली. "चल, एलादियो. पुरे आता."

सगळी भिंत एकदम गप्प झाली.

टोपी उचलताना त्यांचा हात खाली गेला. टोपी जड झाली होती.

दोघी उतरू लागल्या. होविताबाई दर वळणावर "चल, चल" म्हणत होत्या. आणि मागून... गोट्यांवर पाय पडत होते. जड, आणि सोबत धापांचा आवाज. घराच्या दारापर्यंत.

दोघींपैकी एकीनेही मागे पाहिलं नाही.

टोपी डोक्यावर ठेवताच एलादियोने मोठा श्वास घेतला. इकडेतिकडे पाहिलं.

"भूक लागली," तो म्हणाला.

सासूबाईंनी बटाट्याचं गरम सूप दिलं. त्याने तीन वाडगे संपवले. होविताबाई त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या, रडत होत्या. दोन दिवसांनी दोघं अरेकिपाला गेली.

गोष्ट इथे संपली असती तर आत्यांनी ती जत्रेत रंगवून सांगितली असती.

नाताळच्या आसपास होविताबाईंचा फोन आला.

"कसे आहेत साहेब?"

"छान आहे. जेवतो, हसतो. माझी फार काळजी घेतो." मग त्या थांबल्या. आवाज खाली गेला. "बेनिता... आता तो पहिल्याच हाकेला ओ देतो."

आत्यांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"आणि कधीकधी..."

फोनमधून, लांबून, दुसऱ्या खोलीतून आवाज आला. हसरा. खाकरल्यासारखा.

"आलो, ताई!"

"मी हाक मारली नव्हती," होविताबाई कुजबुजल्या. "तू ऐकलंस ना? मी हाक मारली नव्हती."

फोन ठेवला गेला.

आत्यांनी राकाइपाताला जाणं सोडलंय. पण दुसरे वाटाडे जातात. ते सांगतात, सूर्य गेल्यावर वारा थांबला की भिंतीतून कुणीतरी बोलतं. ओ देत नाही. हाक मारतं.

दमलेल्या, रडवेल्या आवाजात, "ताई... ताई..." करत राहतं.

आत्यांनी अजून होविताबाईंना हे कळवलेलं नाही. नंबर आहे त्यांच्याकडे. कितीदा फोन हातात घेतात...

पण तिकडे तो कोण उचलेल, याची त्यांना भीती वाटते.