डोंगरातून आणलेला चमचा

भुताच्या गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात.

ही भर दुपारची आहे. आणि खरी आहे. माझी मालसूनमावशी खोटं बोलणारी बाई नाही.

चॉरवन गावात, सरहद्दीच्या डोंगरांखाली, तिची आणि पान्सूकाकांची खानावळ आहे. हाडांचं सूप, भात, आंबवलेल्या कोबीची तिखट किमची. गिऱ्हाइकं मात्र भिंत बघायला यायची.

भिंतीवर काकांचा खजिना होता. सरहद्दीवरच्या जुन्या लढाईतली गंजकी शिरस्त्राणं, भोक पडलेली पाण्याची बाटली, पट्ट्याची बक्कलं. बर्फ वितळला की काका रानभाजी खुडायला डोंगरात जायचे, आणि येताना असलं काहीतरी घेऊन यायचे.

त्या मार्चमध्ये त्यांनी एक पितळी चमचा आणला.

"कुठं मिळाला?" मावशीनं विचारलं.

"ओढ्यात."

चमचा कोरडा होता... ओढ्यातल्या चिखलाचा एक डागही नव्हता त्याच्यावर.

काकांनी खिळा ठोकला आणि चमचा टांगला.

दुसऱ्या दिवसापासून भात कमी पडू लागला.

रोज एक वाडगा.

मावशीचा संशय सरळ काकांवर गेला. त्यांना मधुमेह. डॉक्टरांनी भात बंद केलेला.

"अहो, चोरून भात खाता ना?"

"मी? अगं, तुझ्या नजरेसमोर पाणी प्यायचीसुद्धा भीती वाटते मला!"

"मग काय मांजर वाडगा घेऊन बसतं?"

काका हसले. पण पुढच्या आठवड्यात तपासणी झाली, तर साखर वाटेल तशी वाढलेली.

मावशी घरभर भांडली. काकांनी आईची शपथ घेतली. ते काकुळतीला आले होते, पण तिनं विश्वास ठेवला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदाच आपल्याशी खोटं बोलतोय, एवढंच तिला दिसत होतं.

मग एके दुपारी...

जेवणाची गर्दी ओसरली होती. काका ट्रक घेऊन मुळे आणायला बाजारात गेले होते. खानावळीला कडी लावून मावशी मागच्या खोलीत कडधान्याचे मोड निवडत बसली होती.

आणि आवाज आला.

खर्र... खर्र...

रिकाम्या वाडग्याचा तळ कुणीतरी चमच्यानं खरवडत होतं.

'स्वयंपाकघराच्या दारानं आले गुपचूप परत!' मावशीनं दात-ओठ खाल्ले. पावलं न वाजवता ती गेली आणि सरकतं दार एकदम उघडलं.

कोपऱ्यातल्या बैठ्या टेबलाशी एक माणूस पाठमोरा बसला होता. भिंतीकडे तोंड करून. वाडग्यावर पार ओणवा झालेला.

"सापडलात!"

हात थांबला.

तो वळला नाही.

मावशीच्या लक्षात आलं... काकांची पाठ एवढी अरुंद नाही.

तेवढ्यात बाहेर ट्रकचा भोंगा वाजला.

"अगं ए, दार उघड! मुळे आणलेत!"

काकांचा आवाज.

मावशीनं दाराकडे पाहिलं. क्षणभरच. परत वळली, तर कोपरा रिकामा.

वाडगा मात्र तिथंच होता. एक शीतही शिल्लक नव्हतं.

चमचा खिळ्यावर. तिनं बोट लावलं...

कोमट होता.

काकांना तिनं यातलं अक्षरही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'माझ्यावरचा आळ फिटला' म्हणून नाचले असते, नाहीतर तिलाच वेडी ठरवलं असतं.

ती एवढंच म्हणाली, "तो चमचा आजच्या आज घराबाहेर."

एका बक्कलासाठी महिनाभर अबोला धरणारा माणूस. पण त्या दिवशी त्यांनी 'का' म्हणूनसुद्धा विचारलं नाही. मुकाट्यानं चमचा रुमालात गुंडाळला आणि लढाईत मेलेल्या शिपायांची हाडं शोधणाऱ्या लष्करी पथकाकडे नेऊन दिला. जागाही दाखवली.

ती जागा ओढ्यात नव्हती. उंच चढावर होती. तिथं एक बूट निघाला, आणि बुटात पायाची हाडं. शिपाई कोण, कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.

त्यानंतर भात पुरू लागला. काकांची साखर उतरली. मावशीनं भिंतीवरचं बाकी सगळंही काढून त्याच पथकाला दिलं.

इथवर सगळं ठीक झालं, असंच ती धरून चालली होती.

परवा दोघं जेवायला बसली होती. काका घास घेता घेता थांबले. त्यांची नजर कोपऱ्यातल्या त्या बैठ्या टेबलाकडे गेली.

मग हळूच म्हणाले,

"अगं... तो नेहमी भिंतीकडेच तोंड करून का बसायचा?"