बिनभाराची कमान

शेजारी कोण होतं?

यंत्र प्रत्येक दगडाला आधी हेच विचारी. विमानं ठेवण्याच्या रिकाम्या शेडमध्ये हिवरपेठेची सहाशे वर्षांची धर्मशाळा जमिनीवर पसरली होती. काही दगड माणसाएवढे, बरेचसे मुठीएवढे. युद्धात एका क्षेपणास्त्राने तिचा ढीग केला होता.

डॉ. अनुसया धोत्रे यांचा शोध सांगायला सोपा होता. वर्षानुवर्षं ओझं वाहणाऱ्या दगडाचे स्फटिक किंचित दबतात. किती आणि कोणत्या दिशेने दबले, यावरून त्या दगडाच्या डोक्यावर काय होतं ते कळतं. ओझं अचानक वाढलं, तर स्फटिकांत एक बारीक रेघ उमटते. याला त्या भारस्मृती म्हणत. स्मृतिवाचक यंत्र ती वाची आणि दगडाला त्याची जागा परत देई.

पडद्यावर धर्मशाळा पुन्हा उभी राहत होती. खांब, ओवऱ्या, भिंती. पाहायला आलेली माणसं ओळखीची ओवरी बोटाने दाखवत.

वर काय होतं?

काही नाही.

हे उत्तर एका दगडाचं नव्हतं, ढीगभर दगडांचं होतं. सगळे पाचरीच्या आकाराचे, कमानीसाठी घडवलेले. पण यंत्राच्या लेखी त्यांनी कधी भार वाहिलाच नव्हता.

वारसा समितीचा नियम कडक होता. जागा न सापडलेले दगड उरले, तर पुनर्बांधणी अस्सल मानायची नाही. मग धर्मशाळेच्या जागी काँक्रीटचं स्मारक होणार आणि हे दगड पुलाच्या भरावात जाणार. समिती दुसऱ्या दिवशी येणार होती.

"सहाशे वर्षं नुसते बसून," गणिती फिरदोस मुलाणी म्हणाले. "सरकारी खात्यातले दिसतात."

अनुसयाबाई हसल्या नाहीत. त्यांचे आजोबा जन्मभर दगड घडवत आले होते. "एकेका दगडाला किती घाम लागतो, फिरदोस. बिनकामाचा कोण घडवील?"

फिरदोसना यमाक्का आठवली. यमाक्का धर्मशाळेची झाडलोट करणारी. हल्ल्याच्या वेळी अर्ध्या पेठेसह ती आत होती. ती सगळ्यांना एकच सांगे : छताखालची मोठी कमान फुटलेली मी पाहिली, तरी छत थांबलं. माणसं बाहेर पडली, सगळ्यांच्या शेवटी मी, आणि मग छत खाली आलं. समितीने ते श्रद्धा म्हणून नोंदवलं होतं, कारण हिशोबाप्रमाणे छत त्याच क्षणी यायला हवं होतं.

"हिशोबात कमान एकच धरलीय," फिरदोस म्हणाले.

त्यांनी यंत्राला ते दगड पडद्यावर मोठ्या कमानीच्या पोटात, मध्ये बोटभर फट सोडून रचायला सांगितले. यंत्राने एकही दगड परत टाकला नाही. खालून पाहणाऱ्याला जी शोभेची किनार वाटे, ती दुसरी कमान होती. वरची शाबूत होती तोवर तिला काही शिवलंच नाही. वरची तुटली आणि छताचा सगळा भार तिने घेतला. फार वेळ नाही, दारापर्यंत पोचण्यापुरता.

आत काय आहे?

हा प्रश्न यंत्राचा नव्हता, अनुसयाबाईंचा. जागा शोधताना यंत्र फक्त दबलेपण पाही, रेघा मोजत नसे. त्या अचानक पडलेल्या भाराची एक रेघ प्रत्येक दगडात असायला हवी होती.

एक नव्हती. चार होत्या.

फिरदोसनी दुसरा दगड लावला. चार. तिसरा. चार. सगळ्यांत जुनी रेघ जवळजवळ इमारतीच्याच वयाची. मोठ्या कमानीचे दगड मात्र इमारतीच्या वयाच्या मानाने कमी दबलेले, म्हणजे नंतर बसवलेले. यंत्राने ती साधी डागडुजी समजून तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

धर्मशाळा चौथ्यांदा पडली होती. आधी तीनदा कुणीतरी हेच दगड मातीतून वेचले होते, मोठी कमान नव्याने घडवली होती आणि तिच्या पोटातली फट न बुजवता तशीच ठेवली होती. अस्सल, न पडलेली धर्मशाळा आज जिवंत असलेल्या कुणी पाहिलीच नव्हती.

सकाळी समितीच्या अध्यक्षांनी पडद्यावरच्या रेघा पुन्हा पुन्हा पाहिल्या. दगड उरत नाहीत, हे त्यांना मान्य झालं. एकच गोष्ट पटेना.

"तेव्हा तुमचं यंत्र नव्हतं. नकाशा कुठे मिळालेला नाही. मग कुठला दगड कुठे बसतो, हे तीनही वेळा त्यांना सांगितलं कुणी?"

माहीत नाही, असं म्हणायला अनुसयाबाईंनी तोंड उघडलं, आणि त्या थांबल्या. शेडच्या दाराबाहेर हिवरपेठेची माणसं निर्णयासाठी ताटकळत होती. पुढे यमाक्का.

"साहेब," त्या सावकाश म्हणाल्या, "ती कमान छत वाचवायला नव्हतीच. आतली माणसं बाहेर पडायला हवी होती. दगडांच्या जागा त्या वाचलेल्यांनाच तर ठाऊक होत्या; तीनही वेळा त्यांनीच सांगितल्या."

अध्यक्ष दाराकडे वळले.

"त्यांना आत घ्या," ते म्हणाले. "रचायला सुरुवात त्यांना विचारून करू."